व्यापारविद्या आणि पूर्वेकडील अल्पप्रवास

परदेशी व्यापाराचें शिक्षण घेणाऱ्या पुण्यांतील तरुणांना अभ्यासक्रमाचा एक भाग म्हणून आठ-पंधरा दिवस सिंगापूर, दुबई, टोकियो अशा शहरीं नेऊन आणण्याची पद्धत अलीकडे रूढ होत चालली आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशीं जाणार म्हणून घरांत कौतुक होतें. त्याबरोबरच विमानाचें भाडें आणि तेथील खर्च यांची बेरीज मांडतांना वडीलधाऱ्यांच्या मनांत एक रास्त शंकाही येते. इतक्या थोड्या दिवसांत परक्या देशाच्या व्यापाराचें मर्म खरोखर कितपत कळतें? बंदर पाहिलें, कारखाना पाहिला, एखाद्या पेढीच्या दिवाणखान्यांत बसून चार भाषणें ऐकलीं, म्हणजे व्यापारविद्या हस्तगत झाली काय? कोणी म्हणतात, हें नुसतें पर्यटन होय. कोणी म्हणतात, डोळ्यांनीं पाहिल्यावांचून ज्ञान नाहीं. हा वाद केवळ तर्कानें सुटणारा नाहीं. परंतु पुणें आणि मुंबई यांच्या गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांच्या इतिहासांत अशा अल्पप्रवासांचीं ठळक उदाहरणें आहेत, व तीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं असतां या शंकेचें उत्तर बरेंचसें मिळतें, असें आम्हांस वाटतें.

पूर्वेकडील देशांच्या व्यापाराचा विचार पुण्यांत प्रथम झाला तो प्रवासाच्या द्वारें नव्हे, वाचनाच्या द्वारें. १८९० सालीं पुण्यांत औद्योगिक परिषद भरली. तिच्यामागें न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांची प्रेरणा होती. आणि त्या परिषदेपुढें मांडण्यासाठीं त्यांनीं जो निबंध लिहिला त्याचा विषय होता डचांच्या ताब्यांतील जावा बेट व तेथील सरकारी लागवडीची पद्धत. साखर, कॉफी, नीळ इत्यादि मालाची निपज वाढविण्यासाठीं डच सरकारनें खासगी कारखानदारांस आगाऊ भांडवल कसें पुरविलें, आणि शेतांतील कच्चा माल तेथल्या तेथें पक्का होऊन युरोपच्या बाजारांत कसा गेला, याचें विवेचन त्यांनीं केलें. त्या पद्धतीखालीं जावांतील रयतेवर जो जुलूम झाला तो आतां सर्वश्रुत आहे, आणि ती अनुकरणीय होती असें आज कोणी म्हणणार नाहीं. तथापि रानड्यांची दृष्टि कोठें गेली हें पाहण्याजोगें आहे. जावाची जमीन सुपीक, पाऊस मुबलक, मजूर पुष्कळ, एवढ्यावर ते थांबले नाहींत. भांडवल कोणीं दिलें, कोणत्या अटीवर दिलें, आणि माल बुडाला तर तोटा कोणाच्या माथीं, हे प्रश्न त्यांनीं विचारले. परदेशच्या व्यापाराकडे पाहण्याची ही खरी रीत होय. आणि ती पुण्यांत बसल्या बसल्याही साधतां येते, असें या निबंधावरून दिसतें.

रानडे जावाचा हिशेब मांडीत होते त्याच सुमारास, किंबहुना त्याच्या एकच वर्ष आधीं, जपानी लोक आमच्या दारीं येऊन आपला हिशेब मांडून गेले होते. १८६८ सालच्या राज्यक्रांतीनंतर परदेशीं जाऊन शिकणें हें जपाननें राष्ट्राचें धोरणच ठरविलें होतें. १८७१ ते १८७३ या काळांत इवाकुरा यांच्या नेतृत्वाखालीं मोठें शिष्टमंडळ अमेरिका व युरोप पाहून आलें, व त्याच्याबरोबर विद्यार्थीही गेले होते. याच धोरणाला अनुसरून १८८९ सालीं जपानच्या सूतगिरण्यांच्या वतीनें एक मंडळी कापसाची पाहणी करण्यासाठीं हिंदुस्थानांत आली. त्या काळीं मुंबईच्या गिरण्यांचें सूत चीन व जपान या देशांत जात असे. म्हणजे मुंबई ही विक्रेती आणि जपान हें गिऱ्हाईक होतें. या पाहुण्यांनीं आमचें सूत पाहिलें, पण त्याहून अधिक बारकाईनें आमचा कापूस पाहिला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस आखूड धाग्याचा, परंतु स्वस्त. अमेरिकेच्या लांब धाग्याच्या कापसांत तो योग्य प्रमाणांत मिसळला तर कमी खर्चांत कामापुरतें चांगलें सूत निघतें, ही युक्ति जपानी गिरण्यांनीं पुढें इतकी साधली कीं, त्यांच्या भरभराटीचें तें एक मुख्य कारण झालें. १८९७ सालापर्यंत जपानची सुताची निर्यात त्याच्या आयातीपेक्षां अधिक झाली. गिऱ्हाईक होतें तें प्रतिस्पर्धी झालें, आणि याला पुरतें एक दशकही लागलें नाहीं.

आतां दुसऱ्या बाजूचा प्रवास पाहूं. १८९३ सालीं जमशेटजी नसरवानजी टाटा शिकागोच्या प्रदर्शनास जातांना वाटेंत जपानांत उतरले. मुंबईहून चीन-जपानकडे जाणाऱ्या मालाचें भाडें तेव्हां पी. अँड ओ. ही इंग्रज कंपनी व तिच्याशीं संगनमत केलेल्या ऑस्ट्रियन व इटालियन कंपन्या मनास येईल तसें आकारीत. नफ्याचा मोठा भाग जहाजवाल्यांच्या घशांत जातो हें टाटांना पक्कें ठाऊक होतें. म्हणून जपानांत त्यांनीं गाठलें तें निप्पॉन युसेन कैशा या जहाजकंपनीच्या चालकांना. त्या भेटीचें फळ लौकरच दिसलें. १८९३ च्या नोव्हेंबरांत त्या कंपनीचें ‘हिरोशिमा मारू’ हें जहाज कोबे बंदरांतून मुंबईकडे निघालें, आणि टाटांनींही भाड्यानें जहाजें घेऊन आपली ओळ सुरू केली. अल्पप्रवासांतून इतकें झटपट फळ क्वचितच कोणास मिळालें असेल.

परंतु कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. नवे प्रतिस्पर्धी दिसतांच इंग्रज कंपनीनें आपले दर एकदम खालीं आणले आणि आपल्याशींच व्यवहार ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांस सवलती देऊं केल्या. मुंबईचे व्यापारी त्या सवलतींस भुलले. ज्यांनीं टाटांस पाठिंबा दिला होता तेही एकेक करून मागें फिरले, आणि टाटांची जहाजें थोड्याच काळांत बंद पडलीं. जपानी कंपनी मात्र टिकली, आणि पुढें त्याच बड्या कंपन्यांनीं तिला आपल्या पंक्तीस घेतलें. दोघांवर संकट एकच, मग फळ निराळें कां? जपानच्या गिरणीवाल्यांचा संघ होता, आणि आपला कापूस आपल्याच जहाजांनीं आणूं असा करार त्या संघानें जहाजकंपनीशीं केला होता. स्वस्त भाड्याचें आमिष त्यांच्यापुढेंही होतेंच. पण सर्वांनीं मिळून दिलेला शब्द त्यांनीं पाळला. मुंबईंत जहाजें आलीं, पण संघ आला नाहीं. टाटांनीं जपानांत जें पाहिलें तें बरोबर पाहिलें; तें येथें रुजविण्यास जी भूमि हवी होती ती येथें तयार नव्हती.

या अनुभवानंतर पांचच वर्षांनीं, १८९८ सालीं, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांतील एक एंजिनियर तीन महिन्यांच्या प्रवासासाठीं जपानास गेला. त्याचें नांव मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या. जन्मानें ते म्हैसूरचे, पण विद्येनें पुण्याचे. पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून, म्हणजे आजच्या सी.ओ.ई.पी. तंत्रज्ञान विद्यापीठांतून, १८८३ सालीं ते पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झाले होते, आणि पुण्याच्या वास्तव्यांत रानडे, गोखले यांच्या मंडळींशीं त्यांचा परिचय झाला होता. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ सालीं बसविलेल्या त्यांच्या स्वयंचलित दारांमुळें पुणेकरांस ते धरणांचे एंजिनियर म्हणून परिचित आहेत. जपानचे प्रवासी म्हणून त्यांची आठवण फारशी निघत नाहीं. तीन महिन्यांचा हा काळ आजच्या विद्यार्थ्यांच्या पंधरवड्याहून मोठा खरा, तरी एक अपरिचित देश आणि अपरिचित भाषा यांच्या मानानें तो अल्पच होय.

या अल्पकाळांतून त्यांच्या मनांत काय मुरलें तें पुढील कृतींवरूनच ओळखावें लागतें. १९१२ सालीं ते म्हैसूरचे दिवाण झाले व १९१८ पर्यंत त्या पदावर राहिले. या सहा वर्षांत त्यांनीं उभारलेल्या संस्थांची यादी पाहावी: १९१३ सालीं म्हैसूर बँक, १९१६ सालीं व्यापारी मंडळ, त्याच सालीं विद्यापीठ, शिवाय तांत्रिक शिक्षणाच्या शाळा आणि भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याची पूर्वतयारी. चंदनाची गोष्ट तर व्यापारविद्येच्या वर्गांत धडा म्हणून शिकवावी अशी आहे. म्हैसूरचें चंदन महायुद्धापूर्वीं लांकूड म्हणूनच विकलें जाई, आणि त्याचें तेल काढण्याचा धंदा मुख्यतः जर्मनीच्या हातीं होता. १९१४ सालीं युद्ध पेटतांच तें गिऱ्हाईक एकाएकीं नाहींसें झालें. तेव्हां नवें गिऱ्हाईक शोधीत न बसतां राज्यानें स्वतःच तेल काढावयास सुरुवात केली, व १९१६ सालीं बंगलोरास त्याचा कारखाना निघाला. परदेशास काय विकावें, आणि कोणत्या रूपांत विकावें, याचा हा प्रत्यक्ष पाठ होय.

हें सर्व जपानच्या तीन महिन्यांचेंच फळ, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. मधल्या काळांत त्यांनीं इतर देशही पाहिले होते, आणि महाराजांचा पाठिंबा व राज्याचा खजिना ही अनुकूलता त्यांस लाभली होती. परंतु १९१९-२० सालीं ते पुन्हां जपान, अमेरिका व युरोप पाहून आले आणि १९२० सालीं हिंदुस्थानच्या पुनर्रचनेवर त्यांनीं इंग्रजींत ग्रंथ लिहिला, त्यांतही जपानची तुलना पदोपदीं येते. एंजिनियर असूनही त्यांची नजर यंत्रावर खिळून राहिली नाहीं. यंत्र विकत मिळतें. बँक, शाळा आणि व्यापाऱ्यांचें मंडळ विकत मिळत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

याच्या उलट बाजू स्वदेशीच्या चळवळींत दिसते. १९०५ सालीं जपाननें रशियाचा पराभव केला आणि आमच्या तरुणांची दृष्टि त्या देशाकडे वळली. कांच, आगपेट्या, साबण, पेन्सिली करावयास शिकण्यासाठीं हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतून विद्यार्थी जपानास गेले. त्यांची तळमळ खरी होती, आणि त्यांपैकीं पुष्कळांनीं हालही सोसले. पण परत आल्यावर अडचण निराळीच उभी राही. आगपेटी करतां येते, पण भांडवल कोणी देत नाहीं. साबण उत्तम झाला, पण दुकानदार परदेशी मालावर मिळणारी अडत सोडण्यास तयार नाहीं. आणि एवढें करून माल बाजारांत आला, तर ज्या देशांत विद्या शिकली त्याच देशाचा माल दोन पैसे स्वस्त विकला जात आहे. करण्याची विद्या त्यांस मिळाली होती, विकण्याची मिळाली नव्हती.

ज्या ठिकाणीं घरची तयारी आधीं झाली होती तेथें मात्र निराळें घडलें. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या पैसा फंडानें लोकांकडून माणशीं एक पैसा जमवून भांडवल उभें केलें; लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठबळ दिलें; आणि १९०८ सालीं पुण्याजवळ तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला. तेथें कारागिरीची बाजू संभाळण्यास आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे जपानांत व पुढें अमेरिकेंत शिकून आलेले होते. त्यांची विद्या फुकट गेली नाहीं, कारण ती घेण्यास तळेगांवीं संस्था उभी होती. शिवाय तो नुसता कारखाना नव्हता, शाळाही होती. तेथें शिकलेले कारागीर पुढें इतर प्रांतांतील कांचेच्या धंद्यांत गेले. एकाचा प्रवास अनेकांच्या उपयोगीं पडला तो अशा रीतीनें.

व्यापाराच्या क्षेत्राबाहेरचें असलें तरी पुण्याचें आणखी एक उदाहरण येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. टोकियो येथील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक लहानशी पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हातीं आली. १९१५ सालच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ सालीं तें विद्यापीठ स्थापन झालें. जपान त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें तें पुष्कळ पुढें, १९२९-३० च्या जगप्रवासांत. येथें प्रवास मागाहून आणि फळ आधीं! अर्थात् पुस्तिका अनेकांच्या हातीं पडते, फळ मात्र एखाद्यासच मिळतें. कर्व्यांच्या मागें हिंगण्याचा आश्रम आणि वीस वर्षांचा अनुभव होता, म्हणून थोडकी माहितीही त्यांस पुरली.

हीं उदाहरणें ध्यानांत घेतलीं म्हणजे १८८९ च्या त्या जपानी पाहुण्यांच्या फेरीचें महत्त्व नीट कळतें. त्यांनीं पाहिलेलें घरीं जाऊन एका संघाच्या स्वाधीन केलें, आणि संघानें तें गिरण्या, पेढ्या, जहाजें यांपर्यंत पोंचविलें. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीं त्याचा परिणाम आमच्या शेतकऱ्याच्या दारीं येऊन ठेपला. १९३३ सालीं हिंदुस्थान सरकारनें ब्रिटिशेतर कापडावरील जकात शेंकडा ७५ पर्यंत चढविली, तेव्हां जपानी गिरण्यांनीं आमचा कापूस घेणेंच बंद केलें. शेवटीं १९३४ सालीं तह झाला: जपाननें १० लाख गासड्या कापूस घ्यावा व त्याच्या मोबदल्यांत ३२ कोटी ५० लाख वार कापड येथें विकावें, १५ लाख गासड्या घेतल्यास ४० कोटी वारांपर्यंत विकावें. वऱ्हाडांतील कुणब्याच्या कापसाचा भाव ओसाकाच्या गिरणीवाल्यांच्या संघटित निश्चयावर किती अवलंबून होता, हें त्या वर्षीं सर्वांस कळून चुकलें. पाहणीस आलेले पाहुणे अर्धशतकांत सौद्याच्या अटी घालूं लागले होते.

आतां आपण आजच्या विद्यार्थ्याकडे वळूं. त्याच्या पाठीशीं ज्या संस्था आहेत त्या रानड्यांच्या काळीं नव्हत्या. मुंबईंत सिडनहॅम कॉलेज १९१३ सालीं निघालें. पुण्यांत गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० सालीं आणि बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ सालीं निघालें. केवळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या शिक्षणासाठीं सिंबायोसिसनें १९९२ सालीं स्वतंत्र संस्था काढली. जपानी भाषा शिकणारे तर पुण्यांत घरोघर नसले तरी आळोआळीं सांपडतात. तेव्हां साधनांची उणीव नाहीं. उणीव असेल तर ती प्रश्नांची.

एक साधें उदाहरण घेऊं. नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवचा कांदा आखाती देशांत, श्रीलंकेंत, मलेशियांत जातो. डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली व मे २०२४ मध्यें ती अटींवर पुन्हां सुरू केली. आपल्या बाजारसमित्यांतून त्या काळांत शेतकऱ्यांचा रोष उसळला, हें वर्तमानपत्रांतून सर्वांनीं वाचलें. पण समुद्रापलीकडील घाऊक व्यापाऱ्यानें त्या पांच महिन्यांत काय केलें? कोणत्या देशाचा कांदा घेतला, कोणत्या भावानें घेतला, आणि बंदी उठल्यावर तो लासलगांवाकडे परतला कीं नव्या पुरवठादारापाशींच राहिला? दुबईस किंवा क्वालालंपुरास पंधरा दिवसांसाठीं गेलेला विद्यार्थी एका सकाळीं तेथील घाऊक बाजारांत जाऊन हे चार प्रश्न विचारूं शकतो. त्यासाठीं त्याला उंच इमारतींची माहिती असावी लागत नाहीं; लासलगांवची मात्र असावी लागते. तेथें जाण्यापूर्वीं तो न्हावा-शेवा बंदर पाहून आला असेल, भरतिया कसा लिहितात, मालाचा विमा कोण उतरवितो, हुंडीचे पैसे किती दिवसांनीं हातीं येतात, हें त्यानें समजून घेतलें असेल, तर परक्या बाजारांतील उत्तराचा अर्थ त्यास लागेल. नाहीं तर तें उत्तर कानांवर पडूनही समजणार नाहीं.

आणि परत आल्यावर? टाटांचा अनुभव येथें आठवावा. पाहिलेलें बरोबर असूनही तें घेण्यास येथें कोणी नसेल तर तें वाया जातें. म्हणून विद्यार्थी परत आला म्हणजे त्याच्या टिपणाची जागा केवळ परीक्षकाच्या कपाटांत असूं नये. कांद्याची माहिती शेतकऱ्यांच्या मंडळांस मिळावी, यंत्रांच्या सुट्या भागांची चाकणच्या लहान कारखानदारांस मिळावी. आणि पुढच्या वर्षीं जाणाऱ्या विद्यार्थ्यानें मागच्याच्या टिपणापासून आरंभ करावा, पुन्हां ‘श्रीगणेशा’पासून नव्हे. दहा वर्षें असें झालें तर पंधरा-पंधरा दिवसांचे दहा तुटक प्रवास न राहतां एका संस्थेचा सलग असा दहा वर्षांचा अभ्यास होईल. जपानी पाहुण्यांच्या मागें संघ होता तो असाच.

तेव्हां पैशांची बेरीज मांडणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं प्रवास नाकारावा असें आमचें म्हणणें नाहीं. रक्कम देण्यापूर्वीं मात्र मुलास जवळ बसवून दोन गोष्टी विचाराव्या. ‘तेथें जाऊन काय पाहणार?’ हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि त्याचें उत्तर सहलीच्या पत्रकांत छापलेलें असतें. त्याऐवजीं ‘तेथें जाऊन कोणास काय विचारणार?’ आणि ‘आल्यावर तें कोणास सांगणार?’ असें विचारावें. या दोन्हींचीं उत्तरें त्याच्यापाशीं असतील, तर पंधरा दिवसही थोडे नाहींत.